जास्वंदीच्या कळ्या गळतात, पानं पिवळी पडतात, शेंड्यावर पांढरा कापूस: आधी कुंडीच्या आत बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ठाण्यात पाचवा मजला, पश्चिमेची गॅलरी. जानेवारीत मोठ्या केशरी फुलाची जास्वंद आणली तेव्हा झाड कळ्यांनी लगडलेलं होतं. महिना-दीड महिना छान फुललं. मार्चपासून कळ्या पिवळ्या पडून उमलायच्या आधीच गळायला लागल्या. खालची पानं पिवळी होऊन झडतायत. आता मे संपत आलाय आणि शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर, खोडावरून मुंग्यांची रांग. तुम्ही चहाचा चोथा घातला, अंड्याची टरफलं घातली, दर आठवड्याला चमचाभर डीएपी हे रासायनिक खत दिलं, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं, दोनदा कडुनिंबाचं तेल फवारलं. आणि आता विचारताय, "कुठलं औषध मारू?"

औषधाचंही सांगतो, पण ते नंतर. मी बरीच वर्षं ठाणे-मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि घरांच्या बागा सांभाळतो. तुमच्या वर्णनाची जास्वंद दर उन्हाळ्यात समोर येते आणि दर वेळी लोकांची नजर पांढऱ्या कापसावर खिळलेली असते, कारण तो दिसतो. मुळं दिसत नाहीत. माझा अंदाज असा की तुमच्या झाडाचं मूळ दुखणं मातीत आहे, आणि किडीने अशक्त झाडावर डाव साधलाय. अंदाज म्हणतोय, कारण फोटोवरून खात्री देता येत नाही. ती तुम्हालाच करून घ्यावी लागेल, आणि त्याला फार काही लागत नाही.

पहिली तपासणी: एक जुनी विणायची सुई किंवा लांब, पातळ काडी घ्या. खोडापासून चार बोटांवर ती कुंडीत सरळ खाली घाला. सहज आत गेली आणि थोडी ओलसर माती लागून बाहेर आली, तर उत्तम. वितभर खाली जाऊन दगडावर आदळल्यासारखी अडली, तर आत नर्सरीतल्या मातीचा गोळा, म्हणजे हुंडी, तशीच बसलेली आहे.

ही हुंडी काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्या, कारण कुंडीतल्या झाडांची निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात. नर्सरीवाले रोप चिकट मातीत वाढवतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पिशवी ट्रकमध्ये आडवी पडली, शंभर हात लागले, तरी माती सुटत नाही आणि मूळ उघडं पडत नाही. आपण घरी आणतो, पिशवी कापतो, तो गोळा जसाच्या तसा मोठ्या कुंडीत ठेवतो आणि भोवती मऊ, भुसभुशीत कोकोपीटचं मिश्रण भरतो. आता एका कुंडीत दोन वेगळ्या जमिनी झाल्या. पाणी घातलं की ते मऊ भागातून झरझर खाली उतरतं आणि ताटलीत येतं. आपल्याला वाटतं, झाडाला भरपूर पाणी मिळालं. मधला गोळा मात्र एकदा कडक वाळला की सहजासहजी पाणी शोषत नाही. नेमकी जुनी मुळं त्याच गोळ्यात अडकलेली असतात. असं झाड कुंडीतून उपटून गोळा खुरप्याने फोडला, की बाहेरून काळा, ओला दिसणारा तो नारळाएवढा ढेकूळ आत फिकट, कोरडा ठणठणीत निघतो आणि मुळं त्याच्याभोवती गोल गोल फिरून दोरीसारखी वळलेली असतात.

याच्या उलटही होतं. पावसाळ्यात किंवा ताटलीत सतत पाणी साचत असेल तर तोच गोळा चिखल होऊन बसतो, मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. वरून लक्षण तेच: पानं पिवळी, झाड मलूल. म्हणून "पानं पिवळी पडली म्हणजे पाणी वाढवा" किंवा "पाणी कमी करा" असं कुणी न बघता सांगितलं तर मनावर घेऊ नका. ओल्या मातीत उभं असलेलं झाड दुपारनंतरही मान टाकून असेल, तर संशय सडलेल्या मुळांचा. नुसतं दुपारी दोनच्या उन्हात मलूल होऊन संध्याकाळी ताठ होत असेल, तर तो उन्हाचा ताण, चिंता नको.

दुसरी तपासणी कळ्यांची. आज गळलेल्या चार-पाच कळ्या उचला. कालच्या वाळक्या नकोत, ताज्या घ्या. पांढऱ्या कागदावर ठेवून ब्लेडने उभ्या चिरा आणि चष्मा लावून बघा. आत बारीक, दुधी रंगाच्या अळ्या वळवळताना दिसल्या, एखादी टुणकन उडालीसुद्धा, तर ती कळीमाशी. ही इवलीशी माशी कळीत अंडी घालते, अळ्या आतून कळी पोखरतात, कळी गळते, आणि अळ्या मातीत शिरून कोष करतात. अशा वेळी फवारणीचा उपयोग फार कमी, कारण अळी कळीच्या आत सुरक्षित असते. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो. गळलेली आणि पिवळी पडू लागलेली प्रत्येक कळी रोज उचलायची, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कचऱ्यात टाकायची. कंपोस्टच्या डब्यात अजिबात नाही. दोन-तीन आठवडे हे नेमाने केलं की माशीची साखळी तुटते.

कळी चिरल्यावर आत काहीच नसेल, पण कागदावर झटकली की केसाच्या तुकड्याएवढे काळपट-पिवळे कण पळताना दिसले, तर ते फुलकिडे. आणि दोन्ही नसेल, कळी आतून स्वच्छ असेल, तर गळ ताणामुळे आहे: पाण्याचा लपंडाव, उष्णता, जागा बदलणं किंवा खताचा अतिरेक. तुमच्या वर्णनावरून मला ही तिसरी शक्यता जास्त वाटते. तरी कळ्या चिरून बघाच, पाच मिनिटांचं काम आहे.

आता खताबद्दल, आणि इथे थोडं परखड बोलतो. डीएपी बंद करा, आजच. डीएपीमध्ये नत्र (नायट्रोजन) १८ टक्के आणि स्फुरद (फॉस्फरस) ४६ टक्के असतं, पालाश (पोटॅश) शून्य. "फुलांसाठी स्फुरद" हे वाक्य सगळ्यांनी पाठ केलंय, पण जास्वंदीला स्फुरद थोडंच लागतं. तिला नत्र आणि पालाश हवं. कुंडीत दर आठवड्याला चमचाभर डीएपी म्हणजे स्फुरदाचा ढीग, आणि जादा स्फुरद झाडाला लोह आणि जस्त घेऊ देत नाही. शिवाय क्षार साचून मुळांची टोकं जळतात ती वेगळीच. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरट पापुद्रा दिसतोय का बघा. दिसत असेल तर हेच झालंय. (टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी वापरत असाल तरीही असा पापुद्रा येतो. पालिकेचं पाणी असेल तर त्याला दोष देऊ नका.)

पिवळेपणाही नीट बघायला हवा. कोवळी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर लोह कमी पडतंय. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडला आणि शिरांजवळ हिरवं उरलं, तर मॅग्नेशियम. जुनं पान सगळंच्या सगळं फिकट होऊन गळत असेल तर नत्र कमी आहे, किंवा मुळं बिघडल्यामुळे झाडाला ते घेताच येत नाही. तुम्ही खालची पानं लिहिली आहेत आणि खत भरपूर चाललंय, म्हणजे शेवटची शक्यता. ताटात वाढलेलं आहे, पण गिळता येत नाही. अशा वेळी आणखी वाढून काय उपयोग?

चहाचा चोथा आणि टरफलं यांनी मोठं नुकसान केलं असं मी म्हणणार नाही, पण फायदाही झालेला नाही. दूध-साखरेच्या चहाचा चोथा न धुता घातला की मुंग्या आणि चिलटं येतात, मातीवर बुरशी धरते. टरफलं विरघळायला फार काळ जातो. ती बारीक पूड करून कंपोस्टमध्ये टाकावीत, कुंडीवर सजवू नयेत. केळ्याच्या सालींचं पाणी, कांद्याच्या सालींचं पाणी, ताक, हे सगळं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. हौस म्हणून करा, पण आजारी झाडावर नको.

आता तो पांढरा कापूस. हा पिठ्या ढेकूण, नर्सरीवाल्यांच्या भाषेत मिलीबग. शेंडा, कळीचा देठ, पानाच्या बेचक्या अशा कोवळ्या जागी बसून रस शोषतो आणि चिकट गोड पाझर सोडतो. मुंग्या त्यासाठी येतात. नुसत्या येत नाहीत, या किडीला खाणाऱ्या किड्यांना त्या हुसकावून लावतात आणि पिल्लं एका फांदीवरून दुसरीवर नेतात. त्या चिकट पाझरावर पुढे काळी काजळी धरते. म्हणून मुंग्या तशाच ठेवून फवारणी केली तर दोन आठवड्यांत सगळं पूर्ववत. तुमच्या दोन फवारण्या वाया जाण्याचं एक कारण हेच असणार. दुसरं कारण, या किडीच्या अंगावर मेण असतं. तेलाचं पाणी त्यावरून ओघळून जातं, आत पोचत नाही.

त्यामुळे आधी हात वापरा. सगळ्यात जास्त भरलेले शेंडे सरळ कापून पिशवीत बंद करा. कापताना जीव तुटतो, पण जास्वंद नव्या फुटीवरच फुलते, त्यामुळे काही बिघडत नाही. उरलेल्या झाडाला जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासा, विशेषतः पानांच्या बेचक्यात आणि खोडाच्या सालीच्या खाचांत. मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. खाली वाळत घातलेले कपडे नाहीत ना, ते बघून. कुंडीच्या काठाची आतली बाजू आणि बुडाची भोकं विसरू नका, तिथे हमखास एक वसाहत लपलेली असते.

धुतल्यावर, ऊन उतरल्यावरच, फवारणी करा: एक लिटर कोमट पाण्यात आधी दोन मिली पातळ साबण, मग पाच मिली कडुनिंबाचं तेल, आणि दुधाळ होईपर्यंत हलवा. तेल वर तरंगत असेल तर तसंच फवारू नका, पानं जळतील. सात-आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा. एकदा मारून भागत नाही, कारण त्या कापसाच्या पिशवीत अंडी असतात आणि पिल्लं टप्प्याटप्प्याने बाहेर पडतात. पावसाळा लागून हवेत दमटपणा आला की कडुनिंबाऐवजी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही जैविक बुरशी लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात वापरता येते. ती कोरड्या मेमध्ये काम करत नाही, उगाच पैसे जातात.

मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांना पेट्रोलियम जेलीचा दोन बोटं रुंद पट्टा किंवा मुंग्यांच्या खडूची जाड रेघ. गॅलरीच्या ग्रिलला टेकलेली फांदी असेल तर ती आधी कापा, नाहीतर मुंग्या वरून पूल करतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवायचा जुना उपाय आहे, पण पावसाळ्याच्या तोंडावर तो नको. डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात. कुंडीखालच्या ताटल्याही याच कारणासाठी काढून ठेवा.

दुकानदार इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक देईल आणि ते लवकर गुण दाखवेल, हे खरं आहे. मी घरच्या जास्वंदीवर ते वापरत नाही. ते औषध झाडाच्या रसात भिनतं, मधातही उतरतं, आणि जास्वंदीवर मधमाश्या आणि शिंजीर पक्षी येतात. कुणी फुलं तेलात उकळतं, कुणी चहा करतं. आणि पिठ्या ढेकणाचे शत्रू त्याने मरतात हा मोठा तोटा. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरच्या बाजूला पहिल्यांदा सापडला आणि पुढे महाराष्ट्रातही पपईच्या बागांना त्याने जेरीस आणलं. तेव्हा रासायनिक फवारण्यांनी तो आटोक्यात आला नाही. २०१० मध्ये प्युर्टो रिकोतून एक अगदी छोटी परजीवी गांधीलमाशी आणून सोडली, तिने तो आवरला. तीच कीड जास्वंदीवरही येते. म्हणून झाड घासताना एक लक्षात ठेवा: पिठ्या ढेकणासारखाच पांढरा, पण आकाराने मोठा, अंगावर मेणाच्या लांब झालरी असलेला आणि झरझर चालणारा किडा दिसला तर त्याला मारू नका. ती एका ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी आहे आणि ती ढेकणंच खाते. बसून राहणारा शत्रू, धावणारा मित्र, असं साधारण धरून चाला.

आता कुंडी बदलायची कधी, हा प्रश्न उरतो. आत्ता नाही. मेअखेरच्या उन्हात, पश्चिमेच्या तापलेल्या गॅलरीत मुळं मोकळी केली तर झाड जाईल. मुंबई-ठाण्यात पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो. दोन-तीन चांगल्या सरी पडून हवा निवली की करा. तोपर्यंत काय, ते सांगतो. खत पूर्ण बंद. पाणी दिवसातून एकदाच, सकाळी, आणि तेही बोटाची दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. आठवड्यातून एकदा कुंडी पाण्याने भरलेल्या टबमध्ये वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि मग पूर्ण निथळू द्या, म्हणजे मधला कोरडा गोळा भिजेल आणि साचलेले क्षारही थोडे धुऊन निघतील. (सुई अडकली नसेल आणि माती चिखल असेल तर हे करू नका. तुमची अडचण मग उलटी आहे, कुंडी सुकू द्या.) दुपारचं ऊन फरशीवरून उलटं तापतं, तेव्हा कुंडी विटेवर ठेवा आणि प्लास्टिकची काळी कुंडी असेल तर बाहेरून गोणपाट गुंडाळा.

पाऊस लागल्यावर झाड उपसा. गोळ्याचा बाहेरचा तिसरा भाग काडीने टोकरून मोकळा करा. एका दमात सगळी माती झाडून टाकू नका. गोल फिरलेली आणि काळी, मऊ, वास येणारी मुळं कापा. पांढरी-पिवळसर, टणक मुळं चांगली. नवी कुंडी दोन इंचांनी मोठी, फार मोठी नको, कारण मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. मिश्रण माझं असं असतं: चार भाग लाल माती किंवा पोयटा, तीन भाग गांडूळखत किंवा जुनं कुजलेलं शेणखत, तीन भाग धुतलेलं कोकोपीट किंवा भाताचं तूस, आणि कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. प्रमाणात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. मूठभर ओलं मिश्रण दाबून सोडलं की गोळा बोटाने टिचकी मारताच फुटला पाहिजे, एवढं बघा. त्याच दिवशी वरच्या फांद्या एक तृतीयांश छाटा, डोळ्याच्या जरा वर, तिरक्या कापाने. मुळं कमी झाली आहेत, तेवढा वरचा भार कमी करायला हवा.

महिनाभर खत नाही. नवी पालवी तळहाताच्या निम्मी झाली की दर वीस-पंचवीस दिवसांनी दोन मुठी गांडूळखत, आणि पंधरवड्याला १३:०:४५ हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र १३, स्फुरद शून्य, पालाश ४५ टक्के) लिटरला एक ग्रॅम. शेतकरी कुटुंबातल्या कुणालाही विचारा, हे खत माहीत असतं. छाटणीपासून फुलं यायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, म्हणजे जूनच्या मध्यावर छाटलं तर गणपतीच्या आसपास कळ्या दिसाव्यात. पण तुमच्या गॅलरीत पावसाळ्यात किती उजेड उरतो, समोर इमारत आहे का, यावर ते अवलंबून आहे. रोज चार-पाच तास थेट ऊन नसेल तर पानं छान येतील आणि फुलं तुरळक, त्याला कुठलंच खत उत्तर देत नाही.

एक अपेक्षाही जरा खाली आणा. जानेवारीत आणलेलं झाड नर्सरीत शेडनेटखाली, मोजून खत-पाणी देऊन फुलवलेलं असतं. बऱ्याचदा ते बुटकं आणि भरगच्च राहावं म्हणून वाढरोधकही दिलेलं असतं. कोकणात हापूस कलमांना पॅक्लोब्युट्राझॉल देतात, त्याच जातकुळीतलं. त्याचा परिणाम ओसरला की फांद्या लांबतात आणि कळ्यांची ती गर्दी पुन्हा दिसत नाही. यात तुमचं काही चुकलेलं नाही. संकरित मोठ्या फुलांच्या जाती मुळात नाजूकच असतात.

आणि छाटताना फांदीची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवं असेल तिथपर्यंत झाड जिवंत आहे. खाली मातीपर्यंत तपकिरी, कोरडं लागलं तर पुढचे सगळे उपद्व्याप सोडून द्या, माती उन्हात पसरून वाळवा आणि शेजारीपाजारी कुणाकडे साधी पाच पाकळ्यांची लाल गावठी जास्वंद आहे का बघा. तिची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वितभर लांबीची फांदी जूनच्या पावसात ओल्या मातीत खोचली की महिनाभरात मुळं धरते. पश्चिमेच्या गॅलरीत तीच टिकेल.